झेंडूचा पिवळा सुती कापडावर टिकत नाही. त्यावर काळी छपाईही करायची आहे

सुती_पदर (वाघोली)
दसऱ्यानंतर झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून ठेवल्यात, पाव किलोभर आहेत. 400 ग्रॅम मांजरपाट रंगवून त्यावर लाकडी ठशांनी काळी नक्षी छापायची आहे. तुकड्यावर करून पाहिलं: मिठाच्या पाण्यात भिजवला, तुरटी लावली, रंगात उकळला. दोन धुण्यांत फिका पडला, मधेमधे डाग आहेत आणि पिवळा जरा मळकट हिरवटच आला. पाणी बोअरचं आहे. काय चुकतंय?

हिरडा_बेहडा
मिठाचा इथे काहीच उपयोग नाही. रेशीम-लोकरीला नुसती तुरटी चालते, सुती धागा मात्र ती नीट धरत नाही. त्याला आधी टॅनिन (तुरट द्रव्य) द्यावं लागतं, ते हिरड्यात असतं. काष्ठौषधीच्या दुकानात पूड मिळते.

सगळी मापं कोरड्या कापडाच्या वजनावर. आधी खळ काढा: 8 लिटर पाणी, 8 ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा साबण, तासभर उकळी. कोऱ्या मांजरपाटाचं पाणी चहासारखं होतं, ते फेकून द्या. कापड वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच मुरला तर ठीक, वर उभा राहिला तर परत उकळा. तुमचे डाग बहुतेक इथलेच आहेत.

मग 80 ग्रॅम हिरडापूड रात्रभर भिजवून, गाळून, त्या पाण्यात कापड अर्धा तास हलवत ठेवा. पिळून न धुता वाळवा. त्यानंतर 60 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा, 8 ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळा विरघळवून त्यात थोडाथोडा ओता. फसफसून वर येतं, भांडं मोठं घ्या. कोमट झाल्यावर कापड रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी हलकं खंगाळा.

200 ग्रॅम पाकळ्या पाऊण तास मंद शिजवून गाळा. कापड ओलं करूनच त्या रंगात घाला, तासभर खळखळ न उकळता तापवा आणि त्यातच गार होऊ द्या. देठाकडचा हिरवा भाग राहिला असेल तर काढा, रंग मळतो. तोरणाच्या फुलांना कुंकू लागलेलं असतं तेही बघा. भांडं स्टीलचंच हवं आणि ते पुन्हा स्वयंपाकाला नको.

नीळ_आणि_मंजिष्ठा
हिरवट छटेसाठी आधी पाणी तपासा. पेलाभर बोअरच्या पाण्यात चमचाभर गाळलेलं हिरड्याचं पाणी टाका. करडं-काळपट झालं तर पाण्यात लोह आहे आणि तेच पिवळ्याला शेवाळी करतंय. निदान तुरटी आणि रंगासाठी तरी नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

सुती_पदर (वाघोली)
धन्यवाद, हे कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं. आता छपाई. हिराकस (लोहाचा क्षार) चालेल का? आणि छापायचं पिवळ्याआधी की नंतर?

हिरडा_बेहडा
घरी करताना नंतर. आधी छापलं तर सुटं लोह तुरटीत आणि झेंडूत उतरतं, मग अख्खं कापड मेंदी रंगाचं.

नीळ_आणि_मंजिष्ठा
नंतर छापलं तर काळ्यात हिरवी झाक राहते. खरा काळा हवा असेल तर हिरडा दिलेल्या कोरड्या कापडावरच छापा. राजस्थानातल्या बगरूचे छिपे (ठसे छापणारे कारागीर) तसंच करतात. छापून 2-3 दिवस हवेवर ठेवा, मग भरपूर वाहत्या पाण्यात, घडी न घालता, पसरून धुवा. घडी घातली की नक्षीचा ठसा समोरच्या बाजूला उमटतो. पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत तुरटीकडे जायचं नाही. एवढं पाणी नसेल तर वरचाच सल्ला बरोबर.

हिराकस जास्त झाला तर कापड विरतं, म्हणून मी लोखंडाचं पाणी सुचवेन. 1 किलो गंजके खिळे, 200 ग्रॅम गूळ, 5 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत 15-20 दिवस. फेस येतो, वायू सुटतो, झाकण घट्ट लावू नका. गाळून त्यात चिंचोक्याची पूड शिजवा, गार झाल्यावर पुन्हा फडक्यातून गाळा. एक गुठळी राहिली तरी ठशाची बारीक रेघ बुजते. पातळ झालं तर कडा पसरतात.

ताटात घोंगडीचा दुमडलेला तुकडा ठेवून त्यावर ही लोखंडाची खळ पसरा, ठसा त्यावर टेकवा, मग कापडावर ठेवून मुठीने एकदाच ठोका. टेबलावर चादरीचे चार पदर हवेत. उमटतं तेव्हा मळकट पिवळं दिसतं. हिरडा असेल तर बघता बघता काळं होत जातं. तसं झालं नाही तर हिरडा कमी पडला किंवा धुतला गेला.

हिरडा_बेहडा
यावर सहमत. पुढे धुताना रिठा वापरा, वाळवा सावलीत. लिंबू, व्हिनेगर लागू देऊ नका. लिंबाच्या एका थेंबाने काळं उडून खाली पांढुरका डाग पडतो.