मदत हवी आहे : अमॉर्फस रिबन स्फटिक नसतानाच ठिसूळ का होते?

मंडळी, नमस्कार. सांगलीत एम.एस्सी. फिजिक्स करतोय. कुपवाड एमआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या अमॉर्फस (म्हणजे काचेसारख्या, अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेल्या) रिबनचे तुकडे दिले, जाडी जेमतेम २५ मायक्रॉन. तेच प्रोजेक्टला घेतलेत.

डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र) मिनिटाला १० अंशांनी तापवलं की ५०० सेल्सियसच्या पुढे उष्णता बाहेर टाकणारी दोन शिखरं येतात, एकमेकांना चिकटून. आधी अल्फा-लोहाचे स्फटिक, मग उरलेल्या बोरॉनसमृद्ध भागातून बोराइड (लोह-बोरॉनचं संयुग), इथवर कळलं. तापवायचा वेग वाढवला की दोन्ही वर सरकतात, तेही ठीक. पण शिखरं अशी एकमेकांत घुसलेली असताना किसिंजर पद्धतीने (वेगानुसार शिखर किती सरकतं त्यावरून) काढलेल्या सक्रियण ऊर्जेवर (स्फटिक बनायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर) कितपत भरवसा ठेवायचा?

खरी अडचण वेगळीच आहे. ४०० अंशांना तासभर ठेवलेली पट्टी एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) अजून अमॉर्फसचा तोच पसरट उंचवटा दाखवते, स्फटिकांची टोकदार शिखरं नाहीत, पण वाकवली की पापडासारखी कटकन मोडते. तापवण्याआधी हीच पट्टी बोटाभोवती गुंडाळता यायची! हे नुसतं अणुरचनेचं शिथिलीकरण (स्फटिक न बनता अणू जरा घट्ट बसणं), की पृष्ठभागावर स्फटिकीकरण आधीच सुरू झालंय? सर म्हणतात, "टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) कर." सांगायला काय जातंय! सांगली-कोल्हापूरकडे बाहेरच्यांचा नमुना कोण घेतं, माहीत असेल तर तेही सांगा.