लेकीच्या बाळंतपणाला चाललेय, हे व्हिसाच्या खिडकीत सांगायचं की नाही?

घाटकोपरची_लेक

धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, तिला सातवा लागलाय. आईची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत गणपती झाले की लगेच बीकेसीला आहे. आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालीये, पेन्शन चालू आहे, बाबा इथेच राहणार.

फॉर्म भरून देणाऱ्या एजंटने काल तिला समोर बसवून पढवलं. "काकू, बाळंतपणाचा विषयच काढायचा नाही. फिरायला चाललेय म्हणायचं. नायगारा, डिस्ने, वॉशिंग्टन." आईने ते वहीत उतरवून घेतलं. रात्री पाणी प्यायला उठले तर ही ओट्याशी उभी. एका हातात वही, पुढ्यात बहिणीसाठी निवडायला घेतलेले अळीव, आणि पुटपुटतेय, "नायगारा, डिस्ने, वॉशिंग्टन." मला बघून वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्यापासून काही लपवताना पाहिलं.

माझं मत स्पष्ट आहे. खरं सांगावं. नातेवाइकांना भेटणं हे बी-२ म्हणजे फिरायला-भेटायला जाणाऱ्यांच्या व्हिसाचं सरळसरळ मान्य कारण आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फॉर्ममध्ये अमेरिकेत जवळचं कोण आहे, उतरणार कुठे, खर्च कोण करणार, हे सगळं विचारलेलं असतंच. मुलगी तिथे आहे हे त्यांना ठाऊक, आणि आई म्हणणार मी डिस्ने बघायला चालले. "आत्ताच का?" असं विचारलं की ती अडखळणार. तुम्हाला काय वाटतं?

माहीमकर

ताई, मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे खरं सांगून काय झालं ते सांगतो. माझ्या सासूबाईंनी खिडकीत सांगितलं, "मुलीची डिलिव्हरी आहे, बाळ सांभाळायला सहा महिने चाललेय." दोन मिनिटांत पासपोर्ट परत, सोबत २१४ बी या कलमाखाली नकाराचा छापील कागद. १८५ डॉलर फी गेली, त्यावर अपील नाही. मेहुणीचं सिझेरियन झालं आणि चौथ्या दिवशी ती सिंकपाशी उभं राहून भांडी घासत होती. व्हिडिओ कॉलवर बघून सासूबाई रडायला लागल्या, त्यांनी फोनच ठेवून दिला.

तो कायदा धरूनच चालतो की समोरचा माणूस तिकडे राहायलाच आलाय. तसं नाही हे आपण सिद्ध करायचं. मग आपणच आपल्या हाताने त्याला कारण का द्या? शिवाय फॉर्ममध्ये प्रकार बी-१/बी-२ एवढाच निवडायचा असतो, त्यात बाळंतपण असा रकाना नाही. नातवंड बघायला गेलेली बाई नायगारा बघत नाही का? यात खोटं कुठे आलं?

एडिसनची_सून

माहीमकर, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या सासूबाईंना बाळंतपणामुळे नाही, "सांभाळायला" आणि "सहा महिने" या दोन शब्दांमुळे नकार मिळाला असणार. आपल्याकडे आजीने बाळ सांभाळणं ही माया. तिकडच्या अधिकाऱ्याच्या कानावर ते काम म्हणून पडतं, आणि व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. ब्रिटनच्या नियमांच्या मार्गदर्शिकेत हा फरक लिहूनच ठेवलाय: नातेवाइकाने थोड्या दिवसांच्या भेटीत घरातलं मूल सांभाळलं तर चालतं, पण ती मूल सांभाळण्याची नोकरी होता कामा नये. अमेरिकेतही अधिकारी साधारण तेच तपासत असतो.

माझ्या आईने "लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, तिच्याजवळ थांबून तीन महिन्यांनी परत येणार" असं सांगितलं. मिळाला, दहा वर्षांचा. आणि हो, व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे एका फेरीत किती राहायचं ते ठरत नाही. ते विमानतळावरचा अधिकारी आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर तारीख घालून ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने.

माहीमकर

"असणार" म्हणालात ना, तिथेच अडतं. त्या कागदावर खरं कारण लिहिलेलं नसतं. तुमच्या आईला मिळाला म्हणून तुम्ही म्हणता खऱ्यामुळे मिळाला, आमचा गेला म्हणून मी म्हणतो खऱ्यामुळे गेला. मग जोखीम कमी तो रस्ता धरावा, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त_मास्तर

मी २०१९ साली गेलो होतो. फोन आत नेऊ देत नाहीत म्हणून तो मुलाकडे दिला आणि रांगेत उभा राहिलो. काखेत ही जाडजूड फाइल: घराचे कागद, एफडीच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक. एकही कागद बघितला नाही. मुलाखत मराठीत मागितली होती, तशी मिळाली. कशाला जाताय? सुनेचे दिवस भरत आलेत, आमचं पहिलं नातवंड आहे. परत कधी? एप्रिलच्या आत, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, पाण्याच्या टाकीचं काम काढलंय आणि चेकवर माझी सही लागते. हे मी कुणी शिकवलं म्हणून बोललो नाही, खरोखर तीच चिंता होती. मिळाला. आईंना विचारा, इथे त्यांचं काय अडकलंय. ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगावं.

तेव्हा ७९ च्या वरच्या अर्जदारांना मुलाखत सहसा माफ असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत गेली. आमच्या थोरल्या वहिनींना ८१ व्या वर्षी रांगेत उभं राहावं लागणार. वॉकर घेऊन चालतात हो त्या. हे मला फार लागलं.

दिंडोशी_ते_ब्रॅम्प्टन

कॅनडात आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाच्या किंवा मुलीच्या उत्पन्नाची अट आहे आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. पण आई-वडील मुलांकडे राहायला येतात हे सरकारच धरून चालतं, मग कुणाला नायगारा पाठ करायला लागत नाही. तो तर आमच्याच बाजूने जास्त छान दिसतो!

परळची_सिस्टर

तीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढली आहेत. माझा कौल मधला. विचारलं तर खरंच सांगायचं, न विचारलेलं बोलायचं नाही. आपल्या बायका घाबरल्या की बोलत सुटतात: जावयाची नोकरी, बहिणीची शुगर, सगळं. पण ताई, आईला बीपीची गोळी चालू आहे का? व्हिजिटर म्हणून काढलेल्या बऱ्याच विम्यांत आधीपासूनच्या आजाराचा खर्च धरत नाहीत किंवा अगदी थोडा धरतात. हे व्हिसाइतकंच नीट बघा. बाळंतिणीला बघायला गेलेली आई तिकडे स्वतः आजारी पडली तर दोघींचं कोण करणार?

घाटकोपरची_लेक

सिस्टर, बीपी आहेच. विम्याचे कागद आजच मागवते.

माहीमकर, तुमच्या मेहुणीचं वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. माझी बहीणही तिकडे एकटीच आहे. तरी माझं मत तेच. न विचारलेलं न सांगणं वेगळं आणि विचारल्यावर फिरवून सांगणं वेगळं. फॉर्म एजंटने भरला तरी "हे सगळं खरं आहे" असं आईच्या नावाने लिहून दिलेलं असतं. महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मागितला असं ठरलं तर अमेरिकेचा कायदा कायमची बंदी घालतो. उद्या बहीण तिकडची नागरिक झाली आणि तिने आईला बोलवायचं म्हटलं, तर ती बंदी आडवी येणार. २१४ बी चा नकार मिळाला तर निदान पुन्हा अर्ज तरी करता येतो.

काल रात्री फॉर्म उघडला तर एजंटने मुक्काम सहा महिने टाकलेला. आईला विचारलं, तुला खरंच किती राहायचंय? ती म्हणाली, "अकरा आठवडे. संक्रांतीला मी घरी पाहिजे, तुझ्या बाबांना नुसता वरणभातही लावता येत नाही." मग मीच अधिकारी होऊन विचारलं, कशाला जाताय? "लेक पहिलटकरीण आहे. तिच्या उशाशी बसायचंय." एकदाही अडखळली नाही. आता फॉर्म नव्याने भरतोय.

माहीमकर

माझं मत अजून तेच आहे. पण नवा फॉर्म भरणार असाल तर त्याच्या पोचपानावरचा बारकोड नंबर अपॉइंटमेंटच्या खात्यातही आजच बदला. दोन्ही नंबर जुळावे लागतात, तारीख जवळ आली की धावपळ होते. आईंकडे बॅग देऊ नका, कागदांची एक साधी फाइल पुरे. आणि काय झालं ते इथे लिहा. सासूबाईंचा पुन्हा अर्ज करायचा की नाही, यावर आमच्या घरात अजून बोलणं चालू आहे.