मदत हवी आहे: मोठा रेड ड्रम गरवायचा आहे, पण मागच्या वेळेसारखा मारायचा नाही (नॉर्थ कॅरोलिना)

निवटी_कॅरीकर

नमस्कार मंडळी,

मी रालीजवळ कॅरीला राहतो. मूळ मालवणचा. लहानपणी बाबांबरोबर खडपावर बसून तंगूस हातात धरून गरवलंय, पण रॉड-रीळ हे सगळं इथं आल्यावर शिकलो, तेही अर्धवट. त्याचीच फळं भोगतोय.

गेल्या सप्टेंबरात एका मित्राच्या बोटीवरून न्यूज नदीच्या मुखाशी, ओरिएंटल गावाच्या पुढे गेलो होतो. पॉपिंग कॉर्क (पाण्यावर तरंगणारं, आवाज करणारं बूच) लावून छोटे ड्रम, म्हणजे इथले लोक ज्यांना 'पपी ड्रम' म्हणतात ते, मिळतील एवढीच अपेक्षा. रॉड हलका, ट्राउटचा, दोरी 10 पौंडांचा ताण झेलणारी. संध्याकाळी साडेसहाला कॉर्क जे खाली गेलं ते वर आलंच नाही. रिळावरची दोरी संपेल की काय असं वाटेपर्यंत मासा पळत होता. पस्तीस-चाळीस मिनिटांनी बोटीला लागला. 43 इंच! तांब्याच्या घंगाळासारखा रंग, शेपटीच्या बुडाशी काळा टिळा. चौघांनी पाळीपाळीने जबड्याला धरून, उभा लटकवून फोटो काढले. मग सोडला तर पोट वर करून तरंगायला लागला. दहा मिनिटं धरून पुढेमागे हलवला, नाहीच. बरं, इथं 27 इंचांच्या वरचा ठेवताही येत नाही. म्हणजे मेलेला मासा पाण्यात टाकून परत आलो.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "खावचो नाय तर गरवतस कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ते सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत येताहेत. वय 71, गुडघे कुरकुरतात, हात मात्र अजून भक्कम. त्यांना तो मोठा मासा एकदा हाताला लागायला हवा अशी माझी फार इच्छा आहे, आणि तो परत पोहत जातानाही दिसायला हवा. माझं नेमकं काय चुकलं? सामान कोणतं घेऊ? आणि बोट नको म्हणाले तर किनाऱ्यावरून जमेल का?

पॅम्लिकोकाठ

चुकलं काय ते तुम्हीच लिहिलंय की. 10 पौंडांची दोरी, चाळीस मिनिटं. बाकीचं त्यानंतर आलं.

नवीन माणसाला वाटतं, हलक्या दोरीवर मोठा मासा काढला म्हणजे मर्दुमकी. न्यूजच्या पाण्यात ऑगस्ट-सप्टेंबरात हे अगदी उलट आहे. पाणी कोमट, त्यात प्राणवायू आधीच कमी. मासा जितका जास्त वेळ झुंजतो तितका दमतो, आणि त्याच पाण्यात त्याला दम परत मिळवायचा असतो. त्यात तुम्ही त्याला हवेत उभा टांगला. एवढ्या मोठ्या माशाचं सगळं वजन जबड्यावर आणि आतल्या अवयवांवर येतं. पाण्यात त्याला कधी स्वतःचं वजन पेलावं लागलेलं नसतं.

बोटीवरून करणार असाल तर 7 फुटी दणकट रॉड, 30 ते 40 पौंडांची ब्रेड (विणलेली) दोरी, पुढे 60-80 पौंडांचा जाड तंगूस. मासा लवकरात लवकर बोटीला आणा. फोटो काढायचाच तर एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली, मासा आडवा, एकच फोटो, आणि हात आधी ओले करून. त्याहून बरं म्हणजे वर काढूच नका, पाण्यातच आकडा काढा.

आता मुख्य गोष्ट. पॅम्लिको साउंडमध्ये (न्यूज जिला मिळते त्या मोठ्या खाडीत) आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांमध्ये 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात खऱ्या आमिषावर 4/0 मापापेक्षा मोठा आकडा वापरायचा तर नियम आहे: आकडा सर्कल हूकच (टोक आत वळलेला गोल आकडा) हवा, त्याचा उलटा काटा दाबलेला किंवा काढलेला हवा, शिसं किमान 2 औंसांचं आणि जागचं न हलणारं, आणि शिशापासून आकड्यापर्यंत 6 इंचांपेक्षा जास्त अंतर नको. इथल्या दुकानात अशी शिसं-आकड्याची जोडणी 'लुप्टन रिग' नावाने मागा, तयार मिळतं. एवढं आखूड का? लांब दोरीवर मासा आमिष घेऊन निवांत गिळतो आणि आकडा घशात किंवा आतड्यात जातो. आखूड दोरीवर त्याने तोंड मिटून मान वळवली की लगेच शिशाचा हिसका बसतो आणि आकडा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. नियम कागदावर त्रासदायक वाटतो, पण रात्री एकदा वापरून बघा. दहातले नऊ मासे ओठालाच लागलेले दिसतील, निदान माझ्या बोटीवर तरी.

हिसका मात्र तुम्ही मारायचा नाही. ही सवय मोडायला मला दोन मोसम लागले. रॉड वाकू द्यायचा आणि नुसतं रीळ फिरवायचं.

आमिष ताजं. बोयटाचा तुकडा किंवा मेनहेडन, म्हणजे आपल्या तारलीसारखा तेलकट. जिथं मेनहेडनचे थवे पाण्यावर फुरफुरताहेत आणि जवळ उथळ बांध एकदम खोल होतोय, तिथं सूर्य मावळताना थांबा. अंधार झाल्यावर बोटीच्या तळाला कान लावलात तर कधीकधी ढुम-ढुम ऐकू येतं. नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून माद्यांना बोलावतात, म्हणून तर नाव ड्रम.

सुरमई_प्रेमी

बोटीच्या तळाला कान? बायको आधीच म्हणते मासे मला वेडा करणार. 😄

एक शंका. 27 च्या वरचा ठेवत नाहीत म्हणजे मोठा मासा चवीला वाईट असतो का?

खाडीतला_खेकडा

चवीचा प्रश्न नाही हो. हा मासा पहिली तीन-चार वर्षं भराभर वाढतो, वयात येतो, आणि मग वाढ मंदावते. 42 इंची मासा दहा वर्षांचाही असू शकतो आणि चाळीसचाही. साठीपर्यंत जगतो. निवटीच्या बोटीवरचा तो मासा कदाचित त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असेल. (सॉरी, जखमेवर मीठ.) अशी जुनी मादी दर वर्षी अंडी घालते, आणि छोट्यांना मोठं व्हायला वेळ मिळावा म्हणून 18 ते 27 इंचांतला दिवसाला एकच घरी नेता येतो.

मी आधी लुइझियानात होतो. तिथल्यांना याची किंमत चांगलीच मोजावी लागली. 1980 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून लोखंडी तव्यावर काळाकुट्ट करून दिलेला रेडफिश, म्हणजे हाच रेड ड्रम, देशभर गाजला. मागणी इतकी वाढली की मेक्सिकोच्या आखातात मोठ्या जाळ्यांनी थवेच्या थवे उपसले गेले आणि शेवटी बंदी घालावी लागली. आजही किनाऱ्यापासून लांब, केंद्राच्या हद्दीतल्या पाण्यात हा मासा ठेवताच येत नाही. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तिथल्या माशाच्या विक्रीविरुद्ध वेगळा आदेशही काढला.

तुमच्या बाबांना हे असं सांगा: हा आपल्या घोळीच्या, ढोम्याच्या कुळातला. घोळीच्या भोतापायी (पोटातल्या हवेच्या पिशवीपायी) आपल्याकडे काय भाव येतो ते त्यांना माहीत असेलच. तीच हवेची पिशवी हा ढोल म्हणून वापरतो.

निवटी_कॅरीकर

@पॅम्लिकोकाठ, खूप आभार. लाज वाटली, पण बरं झालं. सर्कल हूक माझ्याकडे होते, पण वापरायला आळस केला.

@खेकडा, वयाचं वाचून रात्री नीट झोप लागली नाही, खरं सांगतो. घोळीचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ता आधी सांगूचा मां." मग विचारलं, बोटीत चढायला शिडी आहे का. म्हणजे गुडघ्यांची काळजी सुरू झाली. किनाऱ्याचं कोणी सांगेल का?

हॅटेरस_वारकरी

मी सांगतो. दर ऑक्टोबरात पंढरीसारखा हॅटेरस बेटावरच्या बक्स्टनला जातो.

शरदात मोठे ड्रम साउंडमधून बाहेर पडून समुद्राच्या काठाने फिरतात. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य धरा. विश्वविक्रमी मासा, 94 पौंड 2 औंसांचा, 7 नोव्हेंबर 1984 ला इथल्याच एव्हनला निघाला आणि अजून तो मोडलेला नाही. केप पॉइंट हे बक्स्टनजवळचं वाळूचं टोक सगळ्यात नावाजलेलं, पण तिथं 12 फुटी रॉडने 8 औंस शिसं आणि वर बोयटाचं मुंडकं लांब फेकायचं, शेजाऱ्याच्या दोरीत न गुंतवता. शिवाय वाळूवर गाडी न्यायला राष्ट्रीय किनाऱ्याचा परवाना लागतो आणि टायरची हवा उतरवावी लागते. 71 व्या वर्षी पहिल्यांदा तिथं नको. लोक चांगले आहेत, पण गर्दीत चुकीच्या फेकीला माफी नाही.

पिअरवर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या मासेमारीच्या धक्क्यावर न्या. कठडा असतो, बसायला बाक असतो, संडास असतो. वयस्कर माणसाला याहून काय हवं? पिअरच्या तिकिटातच बहुतेक ठिकाणी मासेमारीचा परवाना येतो. बाकी सगळीकडे 16 वर्षं किंवा त्यापुढच्या प्रत्येकाला किनारी परवाना लागतो, पाहुण्यांसाठी 10 दिवसांचा मिळतो. मोठा मासा लागला की ओरडा, कोणीतरी गोल जाळं खाली सोडेल. तंगूस धरून वर ओढायचा नाही, जाळ्यातूनच उचलायचा आणि जाळ्यातूनच सोडायचा.

40 इंच किंवा जास्त भरला आणि सोडला तर राज्याकडून प्रशस्तिपत्र मिळतं. मोजपट्टी आणि साक्षीदार ठेवा. वजनासाठी मासा टांगू नका. पोटाचा घेर इंचांत मोजा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणा, 800 ने भागा, पौंड मिळतात. 44 लांब आणि 26 घेर असेल तर साधारण 37. पाठीत पिवळा टॅग दिसला तर नंबर टिपून घ्या, तो शास्त्रज्ञांचा असतो.

निवटी_कॅरीकर

वारकरीबुवा, ठरलं तर मग. सप्टेंबरात एक संध्याकाळ न्यूजवर, शिडीवाल्या बोटीतून, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पिअर. 18 ते 27 मधला एखादा मिळाला तर तिरफळं घालून कढी करायला आई तयार आहे. मोठ्यासाठी फक्त एक फोटो, आडवा.

जाड तंगूस, लुप्टन रिग, शिसं सगळं आणलं. उलटा काटा दाबायला पक्कडही काढून ठेवली आहे. ते मात्र बाबांना अजून सांगितलं नाही. म्हणतील, "गरीचो काटोच मोडलंस, मगे ऱ्हवला काय?"