कॅप्टन अमेरिका हायड्राचा झाला तेव्हा: ‘सीक्रेट एम्पायर’चे अनुभव

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या ‘सीक्रेट एम्पायर’ या कथेचा विषय काढला की समोरून दोनच उत्तरं येतात: ‘नाव काढू नकोस’ किंवा ‘ते काय असतं?’ दुसऱ्या गटासाठी थोडक्यात. २५ मे २०१६ला ‘कॅप्टन अमेरिका: स्टीव्ह रॉजर्स’चा पहिला अंक आला. लेखक निक स्पेन्सर, चित्रं जेसूस साइझची, आणि वर्ष कॅपच्या, म्हणजे कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्सच्या, पंचाहत्तरीचं. शेवटी कॅप स्वतःच्याच साथीदाराला, जॅक फ्लॅगला, विमानातून ढकलतो आणि म्हणतो, ‘हेल हायड्रा’. हायड्रा म्हणजे जग ताब्यात घेऊ पाहणारी, कॅपची जुनी शत्रू संघटना. पुढच्याच अंकात कळलं की कॅपचा जुना शत्रू रेड स्कल याने कोबिककडून, म्हणजे लहान मुलीच्या रूपात वावरणाऱ्या, वास्तव बदलू शकणाऱ्या कॉस्मिक क्यूबकडून, त्याचा भूतकाळच बदलून घेतलाय. पुढे वर्षभर गुपचूप मोर्चेबांधणी. मग २०१७च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांतून पसरलेली एकच कथा; त्यात अमेरिका हायड्राच्या ताब्यात. शेवटच्या अंकात कोबिकच्या आठवणीतून जुना स्टीव्ह बाहेर आला, त्याने हायड्रावाल्याला बदडलं, खेळ खलास.

कॅप वाईट झाला याचं मला दुःख नाही. पण हा क्लोन नाही, याच्या मनावर कुणाचा ताबा नाही, हाच खरा स्टीव्ह, असं सुरुवातीला छातीठोकपणे सांगितलं होतं ना? मग शेवटी खरा आणि खोटा समोरासमोर उभे करून मोकळे कसे झालात?

कथा पुन्हा सांगू नका. वाचताना तुमचं काय झालं ते गावाच्या नावासह लिहा.

ठाणे
सुटे अंक परवडत नव्हते, म्हणून मी मार्व्हलच्या ॲपवर वाचायचो. तिथे तेव्हा अंक साधारण सहा महिने उशिरा यायचा. त्यामुळे कोण मेलं, कोण परतलं हे सगळं आधीच ठाऊक. तरी वाचलं. पृथ्वीभोवतीचं कवच बंद करून कॅप्टन मार्व्हल आणि कंपनीला बाहेर अवकाशात अडकवतात आणि न्यूयॉर्कवर काळोखाचा घुमट बसवतात, तो डाव एक नंबर होता. शेवट माहीत असूनही अंगावर काटा आला. मग पुढचे अंक नुसते सरकवले.

एडिसन, न्यू जर्सी
मे २०१७चा पहिला शनिवार, फ्री कॉमिक बुक डे. लेकाला घेऊन दुकानात गेले होते. त्याने सिनेमे पाहिलेले, कॅप त्याचा लाडका. फुकटच्या अंकांत नेमका ‘सीक्रेट एम्पायर’ त्याच्या हाती लागला. त्यात हायड्राचा कॅप थॉरचा हातोडा उचलतो. लेक म्हणाला, ‘आई, लायक असेल त्यालाच उचलता येतो ना? मग हा चांगलाच आहे.’ काय सांगणार? हातोड्यावरच्या मंत्रात फेरफार केली होती हे पुढे उघड झालं, पण तोवर पोरगा स्पायडरमॅनकडे वळला होता.

आणि त्या प्रसिद्धीबद्दल बोलायलाच हवं. दुकानदारांनी हायड्राचे टी-शर्ट घालावेत अशी कल्पना होती! नाझी छळछावणीतून वाचलेला ज्यू मॅग्नेटोसुद्धा एका मुखपृष्ठावर हायड्राच्या रंगात. आमच्या दुकानदाराने टी-शर्टचं नाव काढल्यावर फक्त मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. लोक भडकल्यावर मार्व्हलने निवेदन काढलं, कथा पूर्ण उलगडू द्या, मग मत बनवा. आम्ही थांबलो. उलगडली, आणि कळलं की थांबायचं कारण नव्हतं.

मडगाव
शून्य क्रमांकाच्या अंकावरच सोडली. पैसे वाचले.

पुणे
एडिसनच्या ताईंनी मॅग्नेटोचं लिहिलं म्हणून पुढचं. कॅपचे जनक जो सायमन आणि जॅक कर्बी दोघेही ज्यू कुटुंबांतले. त्यांच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अंकावर मार्च १९४१ छापलंय, पण तो विक्रीला आला १९४०च्या डिसेंबरात. अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं, आणि त्या देशात हिटलरची बाजू घेणारेही कमी नव्हते. म्हणजे तो ठोसा बिनजोखमीचा नव्हता.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: हायड्रा म्हणजे नाझी नव्हेत, ती संघटना कॉमिक्समध्ये १९६५ साली आली. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण याच कथेत इनह्यूमन लोकांना, म्हणजे अतिमानवी शक्ती असलेल्या एका जमातीला, छावण्यांत डांबलंय. छावण्या दाखवायच्या आणि वर ‘ते नाझी नव्हेत’ म्हणायचं, हे मला झेपलं नाही. माझ्याकडे त्या पहिल्या मुखपृष्ठाची फ्रेम आहे, ती मी काढली नाही. फक्त नवे अंक घेणं बंद केलं.

नागपूर
सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून मी दुसरी बाजू घेतो. मला पहिलं वर्ष जाम आवडलं होतं. १९२६च्या प्रसंगांत स्टीव्हचा दारुडा बाप, मार खाणारी आई सारा, आणि तिला मायेने जवळ करून हायड्रात ओढणारी एलिसा सिंक्लेअर. माणूस अशा संघटनेत कसा ओढला जातो हे स्पेन्सरने नीट दाखवलं होतं. पुढे सगळा देश ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो तोच आतून पोखरतोय, ही कल्पना काय वाईट आहे?

वर्षभर आधण तापवलं आणि तांदूळ टाकायच्या वेळी गॅस बंद केला, एवढंच माझं म्हणणं. स्पेन्सरला शिव्या घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते पहिले अंक वाचलेलेच नसतात.

दादर
मी तुमच्यात वयाने बहुधा सगळ्यात मोठा. इंद्रजालमधला मराठी वेताळ वाचून वाढलो, मग फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या अमेरिकन अंकांचा नाद लागला. तिथेच १९७४चे कॅप्टन अमेरिका मिळाले. त्या कथेचं नावही सीक्रेट एम्पायरच! लेखक स्टीव्ह एंगलहार्ट, चित्रकार सॅल ब्युसेमा. राष्ट्राध्यक्ष निक्सनचं वॉटरगेट प्रकरण चालू होतं. १७५व्या अंकात कॅप त्या गुप्त संघटनेच्या प्रमुखाचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये घुसतो, बुरखा ओढतो, आणि तो माणूस स्वतःला गोळी घालून घेतो. चेहरा वाचकाला दाखवलेला नाही, पण तो निक्सन हे सगळ्यांना कळलं. खऱ्या निक्सनने त्याच ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

तिथे जादूचा क्यूब आला नाही. कॅपने पोशाख उतरवून ठेवला, काही काळ नोमॅड या नावाने भटकला, आणि पुन्हा ढाल का उचलायची याचं उत्तर सापडल्यावरच परतला. त्या वयात मला राजकारण फारसं कळत नव्हतं, पण तो थकलाय हे कळलं. २०१७च्या कॅपला थकायला वेळच दिला नाही. खरा स्टीव्ह आला, हायड्रावाल्याला कोठडीत टाकलं.

बंगळुरू
काका, मस्त लिहिलंत. माझा राग मात्र नताशासाठी, म्हणजे ब्लॅक विडोसाठी आहे. तरुण स्पायडरमॅन माइल्स कॅपला मारणार असं भाकीत असतं. त्या पोराच्या हाताला रक्त लागू नये म्हणून ती सातव्या अंकात मध्ये पडते आणि ढालीच्या घावाने जाते. मी रडले. आणि २०१८मध्ये ती क्लोन होऊन परत! मरण तरी तिचं तिला ठेवू द्यायचं होतं.

ठाणे
आणि लास वेगास? हायड्राने अख्खं शहर बेचिराख केलं, आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर स्ट्रेंजने मंत्र मारून परत उभं केलं. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाला याहून जास्त वेळ लागलाय.

कोल्हापूर
डेडपूल राहिला की. कॅपवर विश्वास ठेवून तो त्याच्या सांगण्यावरून एजंट कूल्सनला मारतो. नंतर त्या अपराधाचं ओझं लेखक गेरी डगनच्या ‘डेडपूल’च्या अंकांत आलंय. मुख्य कथेत जे वजन नाही ते त्या विनोदी मालिकेत सापडलं.

औरंगाबाद
मी यातलं काही वाचलेलं नाही. २०१८चे, टा-नेहिसी कोट्सने लिहिलेले कॅपचे अंक वाचतेय. त्यात लोक कॅपकडे संशयाने बघतात, तो कुठला प्रसंग हे आत्ता कळलं. आता मागचं वाचावं का?

नागपूर
वाचा ना. २०१६ची स्टीव्ह रॉजर्स मालिका पहिल्यापासून, मग क्रॉसओव्हरचे शून्य ते सात. दहावा चाळला तरी चालेल. हातोड्याचं तेवढं बघून घ्या, नाहीतर एडिसनच्या मुलासारखा प्रश्न पडेल.

बंगळुरू
सहाव्यानंतर थांबा.