केराटिनचं बिल आणि अमेरिकेतले दावे : पुण्यात नक्की काय लागू होतं?

कर्वे रोडचा कंगवा (धागाकर्ता)

केस सरळ करणाऱ्या रसायनांमुळे कॅन्सर झाला म्हणून अमेरिकेत कंपन्यांवर हजारो दावे लागलेत. फेब्रुवारी २०२३ पासून ते इलिनॉयच्या एका फेडरल कोर्टात एकत्र चालू आहेत. त्याच्या रील्स पाहून कोथरूड-बाणेरच्या पार्लरमध्ये विचारणा सुरू झालीय, की केराटिन (केस सरळ, मऊ करण्याची पार्लरमधली ट्रीटमेंट) बंद करायचं का? माझ्या मते ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ते दावे मुख्यतः 'रिलॅक्सर'वर आहेत. रिलॅक्सर म्हणजे कुरळे केस सरळ करणारं क्रीम: सोडियम हायड्रॉक्साइड, नाहीतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट, पीएच १२ च्या वर. आपल्याकडचं रिबॉन्डिंग, म्हणजे केस कायमचे सरळ करायची पद्धत, ती अमोनियम थायोग्लायकोलेटची, पीएच ९ च्या आसपास, वरून पेरॉक्साइडचं न्यूट्रलायझर. वस्तूच वेगळी. ज्या अभ्यासावरून गदारोळ उठला तो ऑक्टोबर २०२२ चा: ३३,४९७ अमेरिकन बायका, जवळपास ११ वर्षं, गर्भाशयाच्या कॅन्सरचे ३७८ रुग्ण. सत्तरीपर्यंतचा धोका कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वर्षात चारहून जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. कुठला ब्रँड, कुठला घटक, हे विचारलेलंच नाही.

आल्डिहाइड आजोबा

तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. त्या अभ्यासात स्ट्रेटनर, रिलॅक्सर, प्रेसिंगची उत्पादनं असा एकच प्रश्न होता. म्हणजे दोषी रिलॅक्सरच, असंही त्यातून निघत नाही.

आणि लोक विचारतायत केराटिनबद्दल, तुम्ही उत्तर देताय रिबॉन्डिंगचं. केराटिन हे नुसतं नाव. ते प्रथिन केस सरळ करत नाही, काम करतं आल्डिहाइड जातीचं रसायन, मुख्यतः फॉर्मल्डिहाइड. बाटलीवर मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मॅलिन दिसलं की ते फॉर्मल्डिहाइडच, पाण्यात विरघळलेलं. २३० अंशांची इस्त्री फिरली की वायू होऊन सरळ नाकात. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणारं म्हणून टाकलंय.

'फॉर्मल्डिहाइड-फ्री'वर विसंबू नका. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 'ब्राझिलियन ब्लोआउट' या केराटिन ब्रँडच्या तसं लिहिलेल्या बाटल्या तपासल्या, तर सरासरी ८ टक्क्यांहून जास्त निघालं.

कात्रजची कात्री

आजोबा, तो माल जुना झाला. आता 'नॅनोप्लास्टिया', 'हेअर बोटॉक्स' म्हणून जे चालतं ते ग्लायऑक्झिलिक ॲसिडवर. मुळापासून बोटभर सोडून लावायचं, बारीक दात्यांच्या कंगव्याने जास्तीचं ओढून काढायचं, सांगितलेल्या वेळेला धुवायचं, पूर्ण वाळल्यावरच इस्त्री. ओल्या केसावर इस्त्री मारली की चर्रर्र होऊन वाफ उठते आणि मग गिऱ्हाईक खोकत बसतं. चूक हाताची असते, बाटलीची नाही. शिकलेल्या हातांना उगाच बदनाम करू नका.

आल्डिहाइड आजोबा

हात कितीही शिकलेला असो, तापवल्यावर ग्लायऑक्झिलिक ॲसिडमधूनही फॉर्मल्डिहाइड सुटतं. आणि केबिनमधला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा फिरवतो. कापडी किंवा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही. खुर्चीजवळ बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा, छताजवळचा पंखा नव्हे. गिऱ्हाईक चार-सहा महिन्यांनी येतं, इस्त्री धरणारी मुलगी रोज तिथेच उभी असते.

दुसरं, मूत्रपिंड. हे ॲसिड टाळूतून आत गेलं की शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकतात. इस्रायलमध्ये अशा २६ रुग्णांची नोंद झाली. २०२४ मध्ये एका २६ वर्षांच्या बाईचं प्रकरण छापून आलं: २०२०, २०२१, २०२२, तीनदा पार्लर आणि तीनदा मूत्रपिंडाला इजा. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक ॲसिड होतं. म्हणून टाळू जळजळली आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उलट्या, कंबरदुखी, लघवी कमी असं काही झालं, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा आणि डॉक्टरांना केसांच्या ट्रीटमेंटचं आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत.

कात्रजची कात्री

बोटभर सोडा असं मी म्हटलंच होतं की! बाकी एक्झॉस्टचं खरंय. भाड्याच्या गाळ्यात भिंत फोडू देत नाहीत, ही रड आहे.

तारीख पे तारीख

कायद्याचं बघू. अमेरिकेसारखे एकगठ्ठा दावे इथे नसले तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूने इजा झाली तर भरपाई कोणी द्यायची याचं, अख्खं प्रकरण आहे. कलम ८४ प्रमाणे स्पष्ट हमी दिलेली असेल, तर हमी देताना निष्काळजीपणा नव्हता हा उत्पादकाचा बचाव चालत नाही. 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' ही हमीच झाली. पार्लरवर, म्हणजे सेवा देणाऱ्यावर, कलम ८५ लागतं.

कर्वे रोडचा कंगवा

कॅन्सर वीस वर्षांनी होणार, त्याला कुठली बाटली कारणीभूत हे सिद्ध कसं करणार? कागदावरच शोभतात ही कलमं.

तारीख पे तारीख

कॅन्सरच्या बाबतीत मान्य. पण टाळू भाजली, केस तुटले, मूत्रपिंड बिघडलं, हे दिवसांत होतं आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडचण वेगळीच. 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' असं लिहिलं की इशारा न दिल्याच्या दाव्यात उत्पादक कलम ८७ चा आडोसा घेऊ पाहतो: कायद्याने तज्ज्ञाच्याच हातून वापरायची वस्तू, तज्ज्ञाला इशारा दिला होता, मग ग्राहकाला का सांगू? ते मानलं गेलं तर ओझं पार्लरवर येतं. आणि ती इस्त्रीवाली मुलगी ग्राहक नसल्याने ग्राहक आयोगात जाऊच शकत नाही.

पार्लरचं बिल पाहा : 'हेअर सर्व्हिस, १ नग'. यावर काय लढणार? बिलावर उत्पादनाचं नाव लिहून घ्या. खुर्चीत बसण्याआधी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. त्यात घटक, बॅच नंबर आणि आयात माल असेल तर नोंदणी क्रमांक आला पाहिजे. वाटीत ओतून आणलेलं असेल तर बाटली मागवा. तीच बाटली दुकानात विकत मिळत असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली स्वतः फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. नुसत्या वाटीतल्या लगद्यावर ते होत नाही.

कात्रजची कात्री

बाटली दाखवायला आमची ना नाही. पण लिटरच्या कॅनमधून छोट्या बाटलीत भरून आलेली असली तर तिला मागची बाजूच नसते, हेही लिहून ठेवा.