सातवीच्या मुलांना इंग्रजी बोलतं करायचंय, कोणतं अॅप घेऊ?

जोंधळा:
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीत २६ मुलं आहेत. पहिलीपासून इंग्रजी आहे, धडा घडाघडा वाचतात, शब्दार्थ पाठ. पण "व्हॉट डिड यू ईट टुडे?" विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. शाळेचा एक टॅब आणि माझा फोन, एवढंच हाताशी आहे. रेंज फक्त व्हरांड्याच्या टोकाला येते.

उंबरठा:
गुगलचं रीड अलाँग बघा. २०१९ मध्ये ते 'बोलो' नावानं आलं होतं. मूल मोठ्यानं वाचतं, अॅपमधली मदतनीस दिया ऐकते. शब्द अडला की त्यावर बोट ठेवायचं, ती उच्चार सांगते. गोष्टी घरूनच उतरवून आणा, मग नेट लागत नाही. मराठी गोष्टीही आहेत. दोन दिवस त्याच वाचू द्या, मुलांची भीड चेपते. मात्र हे वाचनाचं अॅप आहे. तुमचा प्रश्न बोलण्याचा आहे.

खडूफळा:
उंबरठा यांच्याशी सहमत. हिंदीतून इंग्रजी शिकवणारं एक अॅप मी वर्गात वर्षभर चालवलं. शब्दांचे ठोकळे जुळवून वाक्य पुरं करायचं, त्यात तोंड उघडायची वेळच येईना. गुण भरपूर मिळाले, बोलणं होतं तिथंच राहिलं.

आता ४-३-२ करतो. तीच गोष्ट तीनदा सांगायची, दर वेळी ऐकणारा नवा आणि वेळ कमी. मूळ पद्धत चार, तीन, दोन मिनिटांची आहे. सातवीला ते झेपत नाही, म्हणून मी ६०, ४५ आणि ३० सेकंद ठेवतो. विषय अगदी घरचा: काल शेळी कुठे गेली, बाजारातून काय आणलं. तिसऱ्या खेपेला मूल शब्द शोधत बसत नाही, कारण काय सांगायचं ते ठरलेलं असतं. पहिली आणि तिसरी खेप फोनमध्ये रेकॉर्ड करून लगेच ऐकवा. स्वतःतला फरक कानानं कळला की मुलं आपणहून पुढे येतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. (ऐकवून झालं की रेकॉर्डिंग पुसा, पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.)

अॅप हवंच असेल तर चौघांचा गट करून दहा मिनिटं द्या, तेही वर्गाबाहेर. गोंगाटात माइक शेजारच्याचाच आवाज पकडतो.

उंबरठा:
एक राहिलं. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपली मुलं सारखंच म्हणतात, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच व. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठ गोल. छोटा आरसा हातात द्या, पटकन जमतं.

जोंधळा:
मनापासून आभार! सोमवारी शेळीपासूनच सुरुवात करते. चार मुली वर्गात अजिबात आवाज काढत नाहीत. त्यांची जोडी एकमेकींशीच लावू की बोलक्या मुलींशी?

खडूफळा:
पहिला आठवडा एकमेकींशीच. रेकॉर्डिंगही नको.