पुणे ते कन्याकुमारी सायकलने, मुलींच्या शाळेच्या सायकलींसाठी: सल्ला हवा

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी. जानेवारीत पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जायचं ठरवलंय. वय सेहेचाळीस, नोकरी बसून करायची, पण गेली काही वर्षं सायकल नियमित चालू आहे. सिंहगड पायथा आणि बोपदेव घाट नेहमीचेच, लोणावळ्यालाही जाऊन येते. सोबत एक मैत्रीण. मागे गाडी वगैरे नाही, सामान सायकलवरच.

निमित्त असं की वेल्हे-भोरकडच्या वाड्यांवरच्या मुलींना हायस्कूलला सायकली देणाऱ्या एका संस्थेसाठी निधी जमवायचाय. संस्था ओळखीची आहे, काम स्वतः पाहिलंय.

प्रश्न तीन. एक, रस्ता कुठला: बेंगळुरूवरून की गोव्यावरून किनाऱ्याने? दोन, रोज शंभर-एकशेवीस किलोमीटर शरीराला झेपवायचे कसे? तीन, आणि हा सगळ्यात अवघड, लोकांकडून पैसे कसे मागायचे आणि कुठे घ्यायचे? भाचा म्हणतो, तुझाच क्यूआर कोड टाक व्हॉट्सअ‍ॅपवर. मला ते काही पटत नाहीये.

ओढ्याकाठचा
वा! शुभेच्छा. वाचनखूण साठवली आहे.

जुना_हिशेबनीस
ताई, तिसऱ्या प्रश्नाचं आधी बघा, कारण रस्ता चुकला तर परत फिरता येतं.

भाच्याचं ऐकू नका. स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत आणि पावती संस्थेनेच द्यावी. तुम्ही फक्त खाते क्रमांक आणि संस्थेचा क्यूआर पुढे पाठवायचा. संस्थेला म्हणावं, या राइडसाठी एक खूणशब्द ठरवा, देणाऱ्यांनी तो शेऱ्यात लिहायचा, म्हणजे किती जमले ते वेगळं काढता येतं.

संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी, आहे का ते विचारा. असेल तर देणगीदाराला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे, त्यासाठी पॅन घ्यावा लागतो. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली घेतलीय त्याला ८०जीचा फायदा मिळतच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" असं सरसकट आश्वासन देऊ नका. नंतर मार्चमध्ये फोन तुम्हालाच येतील.

अजून एक. पुण्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी अमेरिकेत असतंच. भारतीय पासपोर्टवाल्या नातेवाइकाने नेहमीच्या बँकेच्या मार्गाने दिलं तर अडचण नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याचे पैसे कायद्याने विदेशी देणगी ठरतात, मग तो सदाशिव पेठेत जन्मलेला का असेना. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर गोड शब्दांत नको म्हणा.

राइडचा खर्च, म्हणजे लॉज, जेवण, टायर, परतीचं तिकीट, सगळा स्वतःच्या खिशातून. आणि हे आवाहनात पहिल्याच ओळीत लिहा. हे एक वाक्य वाचलं की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

खवचट_काका
मला एक कळत नाही. महिनाभराची रजा, दोन सायकलींची तयारी, लॉजचं भाडं, परतीचं भाडं. हे सगळे पैसे थेट त्या मुलींना दिले तर? कन्याकुमारीला तुम्ही गेल्याने वेल्ह्याच्या मुलीची शाळा जवळ येणार आहे का?

पर्वतीपायथा
काका, प्रश्न रास्त आहे. माझ्या वाटणीचे आधीच दिलेत. पण ऑफिसात नुसतं "देणगी द्या" म्हटलं की लोक चहाला निघून जातात, आणि "मी सोळाशे किलोमीटर पायडल मारणार आहे" म्हटलं की तेच थांबून विचारतात. शिवाय मला जायचंच आहे हो. ते लपवत नाही.

खवचट_काका
हे प्रामाणिक उत्तर आवडलं. मग एक काम करा. नुसत्या सायकली वाटू नका. आमच्या गावाकडे वाटलेल्या सायकली बघितल्यात. फोटो निघाले, पहिल्या पंक्चरनंतर गोठ्यात गेल्या. पंक्चरवाला तालुक्याला, जायचं कसं? शाळेत एक पंप, पॅच, पाने ठेवा, दोन मोठ्या मुलींना पंक्चर काढायला शिकवा. त्याचे पैसे आवाहनातच धरा. मी दोन सायकलींचे देतो. खाते क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटवेडा
काका विरघळले, धागा सार्थकी लागला.

आता रस्ता. मी बेंगळुरूमार्गे गेलोय. किनारा सुंदर आहे, पण कारवारपासून सारखा चढउतार आणि दमट हवा. केरळात तर गावं संपतच नाहीत, मागून बस भोंगा वाजवत असते. पहिल्यांदा जाणार असाल तर हायवे बरा: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळुरू, मग कृष्णगिरी, सेलम, करूर, दिंडीगल, मदुराई, तिरुनेलवेली. शोल्डर, म्हणजे रस्त्याची कडेची पट्टी, रुंद आहे आणि चहा दर थोड्या अंतरावर मिळतो.

निघताना नव्या बोगद्याने नको, जुना कात्रज घाट घ्या. मी गेलो तेव्हा खंबाटकीला जाताना घाट चढायचा होता, बोगदा परतीच्या वाहतुकीसाठी होता. वाहतूक एकेरी आणि ट्रक मुंगीच्या पावलांनी, त्यामुळे वाटतो तेवढा वाईट नव्हता. धारवाडला मात्र बायपास टाळा, अपघातांसाठी बदनाम आहे. धारवाड-हुबळी शहरातल्या रस्त्याने जा, पेढेही होतील. दावणगेरेला बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय पुढे गेलात तर इथे सांगू नका. बेंगळुरू रविवारी पहाटे पार होईल असा हिशेब मांडा. धर्मपुरीनंतर तोप्पूरचा उतार लागतो. तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन नेहमी अपघात होतात. वेगाचा मोह नको, डावीकडे राहा, मागे लक्ष ठेवा.

तारीख: डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तमिळनाडूत परतीच्या पावसाचा भरवसा नाही, जानेवारी उत्तम. पण पोंगलच्या दिवसांत तिथे लॉज आधी ठरवून ठेवा.

वारा मात्र कुणाचा नसतो. चित्रदुर्गच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, त्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. शेवटी वळ्ळियूरच्या पुढे तर त्यांचं रानच आहे. त्या दिवशी कमी अंतर ठेवा.

आणि पंक्चर. हायवेवर खिळे नसतात, तारा असतात. ट्रकचे रेडियल टायर फुटले की आतल्या पोलादी तारांचे केसासारखे बारीक तुकडे शोल्डरवर पसरतात. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो, पुढे परत पंक्चर, असं होतं, कारण तार टायरमध्ये तशीच. बोटाला सापडत नाही. टायरच्या आतून कापूस किंवा जुना बनियनचा तुकडा फिरवायचा. तो जिथे अडकेल तिथे तार. मग भुवया करायचा चिमटा घेऊन ओढायची. चिमटा विसरू नका, त्याला पर्याय नाही. बरोबर दोन-दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक आणि डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा. हँगर तुमच्याच मॉडेलचा. दुसरा बसत नाही आणि वाटेत मिळत नाही.

ताकभात
शरीराबद्दल. पॅडेड शॉर्ट्स आत काहीही न घालता वापरायच्या, हे दुकानदार सांगायला लाजतात. रोज धुतलेली शॉर्ट, पोहोचल्या पोहोचल्या बदलायची, आणि सकाळी व्हॅसलिन. बुडाची कातडी सोलली की राइड संपली, पाय कितीही दणकट असोत. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली असते. करंगळीला मुंग्या आल्या तर हँडलवरची पकड बदलत राहा.

जड गिअरवर रेटू नका, हलक्या गिअरवर भराभर फिरवा. भूक लागायच्या आधी खा. खिशात शेंगदाण्याची चिक्की, दुपारी दहीभात, पाण्यात ओआरएस. सरावाला एकदा दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करून बघा, साडेतेरा तासांची मुदत असते. पण खरा सराव म्हणजे लागोपाठ तीन दिवस, सामान लादून. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना जे तोंड होतं, त्यावरून सगळं कळतं.

अंधार पडायच्या आत मुक्काम. मागचा दिवा दिवसाही चालू. १०३३ हा हायवेचा मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा, आणि पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून चालू आहे ना बघा. वर्षाला वीस रुपये आहे, दोन लाखांचं अपघात संरक्षण.

आनंदवनी
बाबा आमट्यांच्या भारत जोडोची आठवण झाली. १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरला तरुण पोरंपोरी सायकलवर निघाली होती. आमच्या कॉलेजात तेव्हा त्याचीच चर्चा. त्या सायकलींना गिअर कुठले हो! तुम्ही जाल.

पर्वतीपायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: बेंगळुरूमार्ग, निघणं संक्रांतीनंतर, म्हणजे तमिळनाडूत पोहोचेपर्यंत पोंगलची गर्दी ओसरलेली असेल. संस्थेशी बोलले. ८०जी आहे, एफसीआरए नाही, त्यामुळे न्यू जर्सीच्या मावसभावाला आजच नको कळवलं. तो जरा रुसलाय. पंप आणि पाने आवाहनात घातले, काका.

दोन प्रश्न उरले. टायर अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचे आहेत, बदलू का? आणि परत येताना सायकल रेल्वेने कशी आणायची?

घाटवेडा
सामान असेल तर बत्तीसचे घाला, फ्रेममध्ये बसत असतील तर. नवे टायर निघायच्या आदल्या दिवशी नको, सरावातच चढवा.

ताकभात
पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस परतीला तिथूनच सुटते आणि पुण्यात संपते, म्हणजे मधल्या स्टेशनवर सायकल उतरवायची राहून पुढे निघून जायची भीती नाही. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वेळेच्या बऱ्याच आधी जा. तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत लागते. पायडल काढा, हँडल आडवं वळवा, डिरेलरच्या बाजूला पुठ्ठा दुहेरी बांधा, दिवे आणि मीटर काढून स्वतःजवळ ठेवा. पुठ्ठ्यावर आणि फ्रेमला बांधलेल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे नाव, मोबाइल आणि पोहोचायचं स्टेशन मार्करने लिहा. पुठ्ठा गळून पडतो, चिठ्ठी राहते. पावती जपून ठेवा, पुण्यात ती दाखवल्याशिवाय सायकल ताब्यात मिळत नाही.